गोधडीच्या कापडाला खळ: कधी घालावी, किती घालावी आणि कशी काढावी

पंधरावीस वर्षे नेसून आणि धुऊन मऊ पडलेल्या सुती साडीतून एकसारखे त्रिकोण कापायला बसले की पहिल्या चारपाच तुकड्यांतच अडचण ध्यानात येते. पट्टी ठेवावी तर कापड तिच्याखाली सरकते, कात्री चालवावी तर पात्यापुढे त्याची बारीक लाट उठते, आणि कापलेला तुकडा उचलून दुसऱ्याला टाचेपर्यंत त्याची तिरपी कड दोनतीन मिलिमीटरने लांबलेली असते. अंगावर घ्यायला याहून चांगले कापड मिळणार नाही, परंतु मापाबरहुकूम जोडकाम करायला याहून अवघड कापडही दुसरे नाही. या दोहोंचा मेळ घालणारा उपाय आपल्या घरांत पूर्वीपासून आहे आणि तो म्हणजे खळ. साड्यांना आणि सदऱ्यांना खळ घालण्याची सवय पुष्कळांना असते. गोधडीच्या कामात मात्र ती निराळ्या हेतूने, निराळ्या प्रमाणात आणि नेमक्या वेळी घालावी लागते. येथे कडकपणा हवा असतो तो माप टिकावे म्हणून, आणि काम संपल्यावर त्याचा अंशही कापडात उरता कामा नये. कापण्याआधी घालायची आणि गोधडी पुरी झाल्यावर काढायची, हा नियम मोडला की पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका ओघाने घडतात.

आपल्याकडील जुन्या पद्धतीच्या गोधडीला किंवा वाकळेला खळ लागत नसे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच आहे. त्या पद्धतीत आधी जुनी लुगडी, धोतरे, चादरी एकावर एक अंथरून बैठक तयार होते, मग वर तुकडे ठेवून, त्यांच्या कडा आत दुमडत, ते थेट त्या थरांवरच धावदोऱ्याने शिवले जातात; त्यामुळे प्रत्येक तुकड्याला खालून आधार मिळतो आणि एखादा तुकडा बोटभर कमी पडला तरी शेजारचा त्याच्यावर सरकवून उणीव भरून काढता येते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांच्या कवंडीतही, म्हणजे त्यांच्या गोधडीतही, हेच तत्त्व दिसते. तेथे काम कोपऱ्यातून सुरू होऊन कडेकडेने मध्याकडे सरकत जाते आणि शेवटी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुला’ बसवली जाते. चांदणी, चक्र, भिंगरी अशा भौमितिक नक्षीची गोधडी मात्र वेगळ्या वाटेने तयार होते. तिचा दर्शनी भाग तुकड्याला तुकडा जोडून आधी स्वतंत्र शिवला जातो आणि मग थरांवर येतो, म्हणजे सगळे शिवणकाम होईपर्यंत तुकड्याला शिवणीखेरीज कशाचाही आधार नसतो. खळीची गरज या दुसऱ्या प्रकाराला आहे. आपली गोधडी पहिल्या पद्धतीची असेल तर खळ घालू नये. श्रम वाया जातील आणि सुई जड जाईल.

खळ धाग्यांना काय करते

कापडात उभे धागे, म्हणजे ताणा, आणि आडवे धागे, म्हणजे बाणा, एकमेकांना काटकोनात छेदतात. उभ्या धाग्याच्या दिशेने ओढले तर कापड फारसे ताणले जात नाही, आडव्या दिशेने थोडे अधिक ताणले जाते, आणि तिरपे ओढले तर भरपूर ताणले जाते, कारण तेव्हा धागे लांबत नसून छेदावर सरकतात आणि विणीतील लहान लहान चौकोनांचे समभुज चौकोन होतात. जुन्या, घासलेल्या कापडात हे सरकणे फारच सोपे झालेले असते. खळीतील पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण पाण्यात तापवले की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसच्या दरम्यान फुगतात, फुटतात आणि पाणी चिकट होते; हे पाणी धाग्यांत शिरून वाळले की छेदाछेदावर एक पातळ पापुद्रा धरतो आणि धागे जागच्या जागी राहतात. सूत आणि पिष्ट दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांनी बनलेली असल्यामुळे त्यांचे चांगले जमते. पॉलिस्टर पाणीच धरत नाही, त्यामुळे त्याच्यावर खळ नुसती पृष्ठभागावर बसते आणि हात लावताच भुकटी होऊन झडते.

विणकर हीच गोष्ट मागावर चढवण्यापूर्वी ताण्याला खळ देऊन करतात. इचलकरंजीसारख्या गावी तर ‘सायझिंग’ हा स्वतंत्र धंदाच आहे. दुकानातला कोरा मांजरपाट हाताला ताठ लागतो तो यामुळे, आणि हा ताठपणा पहिल्या दोनतीन धुण्यांत निघून जातो. म्हणून कोऱ्या कापडाचा ताठपणा पाहून त्याला खळ नको असे ठरवू नये. ते आधी धुवावे लागतेच, आणि धुतल्यावर त्याची गतही जुन्या साडीसारखीच होते.

कोणत्या कापडाला घालावी

जुन्या सुती साड्या, मलमल, धोतराचे कापड, ब्लाउजचे टू बाय टू रुबिया (त्यात पॉलिस्टरची भेळ नसेल तर) आणि पातळ छापील सुती कापड यांना खळीचा सर्वांत अधिक उपयोग होतो. जाड खादी किंवा चादरीचे कापड मुळातच स्थिर असते, त्याला हलकी खळ पुरे. रेशमाला खळ घालू नये. पैठणीचे तुकडे वापरायचे असतील तर त्यांना मागून पातळ सुती अस्तर कच्च्या दोऱ्याने टाचून त्या दुपदरी तुकड्याचे माप घ्यावे. जरीचे काठही आधी उसवून वेगळे काढावेत. खणाच्या बाबतीत सावध राहावे, कारण खण म्हणून विकले जाणारे बरेचसे कापड आता कृत्रिम धाग्याचे असते. शंका आली तर कडेचे दोनतीन धागे काढून, खिडकीपाशी, बशीवर धरून पेटवून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते.

आणखी एक तपासणी मी कधीही टाळत नाही. कापड खिडकीसमोर उजेडात धरावे आणि जेथे विण विरळ झालेली दिसेल तेथे खडूने खूण करावी. खळ घातल्यावर विरलेले कापडसुद्धा भक्कम भासते, त्याचे माप सुरेख निघते, शिवणही सुरेख बसते, आणि गोधडी धुऊन खळ उतरली की पहिल्या वर्षातच नेमके तेथेच फाटते. साडीचा मधला, बसण्याउठण्यात झिजलेला भाग सहसा असा निघतो. तो दर्शनी तुकड्यांसाठी न वापरता आतल्या थरात घालावा.

आधीची धुलाई

खळ घालण्यापूर्वी प्रत्येक कापड धुतलेले असले पाहिजे. नवे कापड कोमट पाण्यात तासभर भिजवून, साबणाने धुऊन वाळवावे, म्हणजे ते आटायचे तेवढे आत्ताच आटेल. लाल, मरून, गर्द निळा या रंगांची परीक्षा पांढऱ्या ओल्या फडक्यावर करावी: फडके कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबावी, आणि फडक्यावर रंग उतरला तर ते कापड पुन्हा पुन्हा धुऊन रंग जायचा थांबेपर्यंत गोधडीत घेऊ नये. खळीच्या पातेल्यात वेगवेगळी कापडे एकामागून एक बुडणार असतात, आणि एका कापडाचा सुटलेला रंग त्या कोमट, चिकट पाण्यातून पुढच्या सगळ्यांना लागतो. याच कारणाने क्रम नेहमी पांढऱ्यापासून गडद रंगाकडे ठेवावा.

धुताना कापड मऊ करणारी द्रव्ये वापरू नयेत. त्यांचा थर धाग्यांवर बसला की खळ नीट शिरत नाही.

खळ कशाची करावी

घरात सहज मिळणाऱ्या वस्तूंपैकी कॉर्नफ्लोअर, साबुदाणा, आरारोट, भाताची पेज आणि मैदा यांची खळ होते. मैद्याची खळ मी या कामाला नाकारते, कारण मैद्यात पिष्टाबरोबर प्रथिनेही असतात, गुठळ्या सहज होतात, वाळल्यावर किंचित पिवळट झाक येते आणि किडीला ती अधिक आवडते. भाताची पेज उत्तम असते, परंतु दरवेळी तिचा दाटपणा निराळा येतो. ज्या कामात पन्नास तुकडे एकाच ताठपणाचे हवेत तेथे ही मोठी उणीव आहे. साबुदाण्याची खळ वाळल्यावर पारदर्शक राहते, म्हणून गडद रंगाच्या कापडाला तीच घालावी. फिक्या रंगांना कॉर्नफ्लोअर सोयीचे, कारण ते मोजता येते आणि लवकर शिजते. दुकानात तयार खळीची भुकटीही मिळते. ती वापरायला हरकत नाही, फक्त पाकीट नीट वाचावे. काही द्रव पदार्थ पिष्टाऐवजी कृत्रिम चिकट द्रव्यांचे असतात, त्यांचा परिणाम अनेक धुण्यांपर्यंत टिकावा अशीच त्यांची घडण असते, आणि आपल्याला खळ शेवटी पूर्ण काढायची असल्यामुळे ते या कामाचे नाहीत.

कॉर्नफ्लोअरचे प्रमाण १ लिटर पाण्याला असे धरावे: हलक्या खळीसाठी १० ग्रॅम, मध्यम खळीसाठी २० ते २५ ग्रॅम, कडक खळीसाठी ४० ते ५० ग्रॅम. सपाट भरलेल्या मोठ्या चमच्यात साधारण ८ ग्रॅम मावते. सरळ चौकोन आणि पट्ट्यांना हलकी खळ पुरते, त्रिकोणांना आणि जुन्या मऊ साडीला मध्यम लागते, आणि कडक खळ मलमलीचे बारीक त्रिकोण किंवा वक्र आकार कापायचे असतील तरच घालावी.

करण्याची रीत अशी. लिटरभर पाण्यातले वाटीभर थंड पाणी बाजूला काढून त्यात कॉर्नफ्लोअर पूर्ण कालवावे. उरलेले पाणी उकळायला ठेवून, उकळी आली की आच मंद करून, एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने हे मिश्रण धारेने सोडावे. पांढुरका गढूळपणा जाऊन पाणी अर्धपारदर्शक आणि किंचित दाट झाले की आणखी दोन मिनिटे शिजवावे. या दोन मिनिटांची घाई करू नये, कारण न फुटलेले कण कापडावर तसेच बसतात आणि इस्त्रीखाली पांढरी भुकटी होऊन निघतात. उतरवल्यावर झाकण ठेवावे, नाहीतर वर साय धरते. कोमट झाले की जुन्या पंचाच्या दुपदरी फडक्यातून गाळून घ्यावे. गाळणीने भागत नाही, बारीक गुठळ्या तिच्यातून निसटतात.

साबुदाणा असेल तर १ लिटर पाण्याला ३० ते ४० ग्रॅम घेऊन दोन तास भिजवावा, मग दाणे पूर्ण पारदर्शक होईपर्यंत शिजवून, न चोळता फडक्यातून निथळू द्यावा. दाणे दाबून पिळले तर गर खाली येतो आणि कापडावर डाग धरतो. १ लिटर खळीत पातळ सुती कापड साधारण ३ मीटर होते. खळ त्याच दिवशी संपवावी, आपल्या हवेत ती दुसऱ्या दिवशी आंबते.

घालण्याची रीत

आता एका प्रत्यक्ष कापडाचे सांगते. आईची एक हिरवी इरकल मी चांदणीच्या गोधडीसाठी काढली होती. इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, म्हणून पदर कापून वेगळा ठेवला आणि फक्त अंगाचे कापड घेतले. त्या कापडात बारीक चौकडा होता, आणि त्या चौकड्याने मला जे शिकवले ते साध्या कापडाने शिकवले नसते: धागा कोठे आणि किती तिरपा होतो आहे हे चौकड्याच्या रेघा डोळ्यांसमोर दाखवतात. ज्यांना खळीचे काम प्रथमच करायचे आहे त्यांनी पहिले कापड चौकड्याचेच घ्यावे.

आधी कापडाचे साधारण एकेक मीटरचे भाग करावेत, म्हणजे ते हाताळायला सोपे जातात. आकार मात्र अजून कापायचे नाहीत. कापलेल्या त्रिकोणाला ओली खळ लावली तर तो भिजून वेडावाकडा आटतो आणि वाळल्यावर मापाचा राहत नाही. प्रत्येक भाग प्रथम साध्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावा. ओल्या कापडात खळ सारखी पसरते. कोरडे कापड जेथे आधी बुडेल तेथे अधिक खळ पिऊन बसते. मग ते कोमट खळीत बुडवून, हाताने दाबत, दोनतीन मिनिटे सगळीकडे मुरू द्यावे आणि बाहेर काढून पिळावे. साडीला खळ घालताना आपण हलके पिळतो. येथे घट्ट पिळावे, पण पिळा न देता, कापड मुठीत दाबत खाली सरकत यावे. पिळा दिला की धागे तिरपे होतात.

वाळत घालताना कापड दांडीवर निम्मे निम्मे लोंबेल असे टाकावे, चिमटे लावू नयेत, आणि दोन्ही काठ धरून ते काटकोनात झटकून घ्यावे. माझ्या इरकलीचा पहिला भाग मी चिमट्याने टांगला होता. वाळल्यावर चिमट्याखालच्या चौकड्याच्या रेघा पिंपळपानाच्या टोकासारख्या खाली ओढल्या गेलेल्या दिसल्या, आणि तो सगळा भाग पुन्हा भिजवावा लागला. वाळवण सावलीत असावे. उन्हात वरची बाजू लवकर कडकडीत होते आणि खळ वाळणाऱ्या बाजूकडे सरकून एकीकडे ताठ, एकीकडे मऊ असे कापड होते.

इस्त्रीची वेळ ही या सगळ्या कामातली नाजूक गोष्ट आहे. कापड ओले असताना इस्त्री केली तर खळ इस्त्रीच्या तळाला चिकटते आणि पापुद्रे निघतात. खडखडीत वाळल्यावर केली तर सुरकुत्या निघत नाहीत. हाताला थंड लागेल पण बोट ओले होणार नाही इतपत ओल असावी. ती वेळ चुकली तर पाणी शिंपडून, कापडाची घट्ट गुंडाळी करून, अर्धा तास ओल्या टॉवेलात ठेवावी, म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. इस्त्री सुती कापडाच्या सर्वांत वरच्या खुणेच्या एक पायरी खाली ठेवावी, कारण जास्त आचेवर खळ करपून तपकिरी होते. उलट बाजूने करावी, आणि पुढेमागे घासण्याऐवजी ठेवावी, दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. सरकवणे भागच असेल तर उभ्या धाग्याच्या दिशेने सरकवावी, तिरपी कधीही नाही. इरकलीच्या चौकड्यावर मी मुद्दाम एकदा तिरपी इस्त्री फिरवून पाहिली. एकाच फेऱ्यात चौकोनांची शंकरपाळी झाली आणि खळीने ती तशीच धरून ठेवली. खळ सरळ कापड सरळ ठेवते, तशीच वाकडे कापड वाकडेही ठेवते, हे तेव्हा जे दिसले ते मी विसरलेले नाही.

खळ पुरेशी बसली की नाही हे पाहण्यासाठी बोटभर रुंदीची तिरपी पट्टी कापून तिच्यावर १० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा कराव्यात आणि दोन्ही टोके धरून हलके ओढावे. बिनखळीच्या इरकलीत हे अंतर साडेअकरा सेंटिमीटरपर्यंत गेले होते. मध्यम खळीनंतर ते १० सेंटिमीटर ३ मिलिमीटर झाले. त्रिकोणांसाठी एवढे पुरे. त्याहून जास्त ताणले गेले तर आणखी कडक खळीऐवजी मध्यम खळीचाच दुसरा हात द्यावा, तो अधिक सारखा बसतो. आणि पट्टी दुमडल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटली तर खळ जास्त झाली असे समजावे. असे कापड सुईला अडते आणि घडीवर धागे तुटतात.

कापणे आणि जोडणे

खळ घातलेले कापड पट्टीखाली सरकत नाही, त्यामुळे एकावर एक चार पदर ठेवून फिरत्या पात्याच्या कटरने किंवा धारदार कात्रीने कापता येतात. पहिली रेघ काठाला समांतर घ्यावी, पण काठ स्वतः वापरू नये, कारण त्याची विण घट्ट असते आणि तो धुतल्यावर बाकी कापडाहून निराळा आटतो.

त्रिकोण सुटे कापून जोडण्यापेक्षा दोन चौकोनांतून करणे चांगले, कारण त्यात तिरपी कड शिवण पडेपर्यंत उघडी राहत नाही. शिवून ४ इंचांचा चौकोन हवा असेल तर दोन रंगांचे ५ इंचांचे चौकोन सुलट बाजू आत ठेवून जुळवावेत, वरच्या चौकोनावर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारावी, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव पाव इंचावर शिवण घालावी, मग रेघेवर कापून उघडावे. दोन जोडचौकोन मिळतात. ते छाटून साडेचार इंचांचे करावेत, म्हणजे चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिवणीत आत जाणारी कड, राहते. खळीमुळे छाटताना कर्ण नेमका कोपऱ्यात येतो. गोधडीच्या रुंदीत १२ चौकोन असतील तर ११ शिवणी येतात, आणि प्रत्येक शिवणीत १ मिलिमीटर चूक झाली तर एका ओळीत ११ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक पडतो. शेजारच्या ओळीत तेवढीच चूक उलट दिशेने झाली तर कोपरे जुळवणे अशक्य होते.

मशीनवर आणखी एक फायदा जाणवतो. मऊ मलमलीचा कोपरा शिवणीच्या सुरुवातीला सुईबरोबर खाली ओढला जातो आणि मशीन तो गिळते. खळ असेल तर हे होत नाही. शिवणी इस्त्रीने बसवताना मात्र वाफ वापरू नये आणि पाणी शिंपडू नये, नाहीतर तिरप्या कडांवरची खळ तेवढ्यापुरती सैल होऊन कापड पुन्हा लांबते. कोरड्या इस्त्रीने शिवणीची माया गडद कापडाच्या बाजूला दाबावी.

गोल आणि वक्र तुकडे

वर लावायच्या फुलांचे, चंद्राचे, पानांचे तुकडे असतील तर खळीचा वेगळा उपयोग होतो. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचा नेमक्या मापाचा गोल कापावा. कापडाचा गोल त्याहून सर्व बाजूंनी पाव इंच मोठा घेऊन त्याच्या कडेने बारीक धावदोरा घालावा, मध्ये कागद ठेवून दोरा ओढावा, म्हणजे कड कागदावर आत वळते. आता दाट खळ बारीक कुंचल्याने फक्त त्या वळलेल्या कडेवर लावावी आणि इस्त्रीचे टोक दाबून पूर्ण वाळवावे. दोरा सैल करून कागद काढला की घडी जशीच्या तशी राहते, एकही कोन येत नाही, आणि असे पंधरावीस गोल एकदम तयार करून डब्यात ठेवता येतात. कागद पाचसहा वेळा वापरता येतो, पुढे तो मऊ पडतो. बाळाच्या दुपट्यावर लावायचे तुकडे मी नेहमी असेच करते.

थर लावताना आणि धावदोरा घालताना

हाताने धावदोरा घालायच्या गोधडीत आतले थर आणि खालचे अस्तर यांना खळ अजिबात घालू नये. चारपाच पदरांतून सुई एकेका वेळी तीनचार टाके घेऊन बाहेर यायची असते, आणि प्रत्येक पदर ताठ असेल तर बोटे दुखतात, टाका मोठा पडतो आणि खालच्या बाजूला निसटतो. दर्शनी भागात मध्यम खळ असली तर ती चालते, पण ती कडक वाटत असेल तर जोडकाम पूर्ण झाल्यावर आणि थर लावण्यापूर्वी त्यावर हलके पाणी शिंपडून, सपाट पसरून, न ओढता वाळू द्यावे. ताठपणा बराच उतरतो आणि आता सगळ्या कडा शिवणीत गेल्यामुळे माप बिघडत नाही. मशीनवर धावदोरा घालणार असाल तर नियम उलट आहे: अस्तराला मध्यम खळ जरूर घालावी, म्हणजे खाली चुण्या पडत नाहीत.

खळीचे कापड किती दिवस ठेवावे

एका वर्षी वैशाखात मी सव्वाशे तुकडे खळ घालून, कापून, कपाटात ठेवले आणि आषाढश्रावण घरच्या कामांत गेले. भाद्रपदात डबा उघडला तेव्हा खालच्या तुकड्यांवर राखाडी बुरशीचे ठिपके आले होते आणि वरच्यांना कसर लागून बारीक भोके पडली होती. पिष्ट हे अन्न आहे. कसर, झुरळ आणि बुरशी तिन्ही त्यावर जगतात. तेव्हापासून जेवढे तुकडे महिनाभरात शिवून होतील तेवढ्यांनाच मी खळ घालते, ते पूर्ण कोरडे करून हवाबंद डब्यात ठेवते, आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, बुडवून खळ घालण्याचे काम करूच नये असे सुचवते. पावसाळ्यात काम अडलेच तर हलकी खळ फवाऱ्याच्या बाटलीने शिंपडून, दहा मिनिटे मुरू देऊन, लगेच इस्त्रीने वाळवावी आणि त्याच आठवड्यात शिवून टाकावी. बिनखळीचे कापड कितीही दिवस ठेवता येते, त्यामुळे साठवण नेहमी धुतलेल्या, बिनखळीच्या कापडाची करावी.

खळ काढणे

गोधडी पूर्ण झाली, कडेची पट्टी बसली आणि कच्चे दोरे उसवून झाले की ती वापरण्यापूर्वी किंवा कुणाला देण्यापूर्वी धुतलीच पाहिजे. वाळलेली खळ थंड पाण्यात पुरती सुटत नाही. मोठ्या टबात हाताला सोसवेल असे कोमट पाणी, साधारण ४० अंश, घेऊन त्यात एन्झाइम असलेली धुण्याची भुकटी मिसळावी; त्यातले अमायलेज नावाचे एन्झाइम पिष्ट तोडते. गोधडी पाऊण तास बुडवून ठेवावी, मधूनमधून दोन्ही तळहातांनी दाबावी, घासू नये आणि आपटू नये. नंतर साध्या पाण्यातून निदान तीन वेळा काढावी. पहिल्या पाण्यात हात घातला की ते बोटांना बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत पाणी बदलत राहावे.

खळ खरोखर गेली की नाही हे ओळखण्याची एक खात्रीची युक्ती आहे. गोधडीच्या फिक्या कापडाला खळ घालतानाच त्यातली वीतभर पट्टी वेगळी ठेवावी, आणि धुताना ती गोधडीच्या कडेला दोन टाक्यांनी अडकवून तिच्याबरोबरच धुवावी. वाळल्यावर पट्टी सोडवून तिच्यावर जखमेला लावायच्या आयोडिनच्या औषधाचा एक थेंब पाण्यात पातळ करून टाकावा. पिष्ट उरले असेल तर थेंब तत्काळ निळसर काळा होतो, गेले असेल तर पिवळट तपकिरीच राहतो. थेंब पट्टीवरच टाकायचा, गोधडीवर नाही. निळा रंग आला तर गोधडी पुन्हा एकदा कोमट पाण्यात भिजवून धुवावी आणि पट्टीच्या दुसऱ्या टोकाशी पुन्हा थेंब टाकून पाहावा.

ओली गोधडी फार जड होते आणि दोरीवर टांगली तर तिच्याच वजनाने शिवणी ताणल्या जातात. म्हणून ती प्रथम बाजेवर किंवा दोनतीन दांड्यांवर आडवी पसरून निथळू द्यावी, निम्मी वाळल्यावर उलटावी, आणि शेवटी दोन्ही बाजूंना दिवसभर कडक ऊन द्यावे.